किटकारला गिअरबॉक्स घेताना पहिला गिअर बघा
ब्रिटनमध्ये लोटस सेव्हन टाईपची किटकार (सुटे भाग आणून घरी जोडायची छोटी, हलकी स्पोर्ट्स गाडी) बांधणारे बरेच जण जुन्या फोर्ड सिएराचा टाईप ९ गिअरबॉक्स टाकतात, अरुंद आहे, टनेलमध्ये (दोन सीटच्या मधल्या बोगद्यात) बसतो, पण त्याचा पहिला गिअर ३.६५ (इंजिनाचे ३.६५ फेरे तेव्हा गिअरबॉक्समधून बाहेर एक) म्हणजे जड फॅमिली गाडीसाठी केलेला आणि आपली गाडी पाच-सहाशे किलोची, त्यामुळे पहिला लगेच संपतो आणि दुसऱ्यात (१.९७) टाकलं की आरपीएम धाडकन पडतो. व्ही६ (सहा सिलिंडरच्या) इंजिनाबरोबर आलेला टाईप ९ मिळाला तर बघा, त्याचा पहिला ३.३६ आहे, फक्त इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) लांब असतो हं, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं कवच) आधी मोजा. क्लच प्लेटचे आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला बसायला हवेत, हे लोक विसरतात. इंजिन माझदा एमएक्स-५ चं असेल तर सरळ त्याचाच पाच गिअरवाला घ्या, उगाच दुसरा गिअरबॉक्स जोडायच्या ॲडाप्टरच्या नादी लागू नका.