जेवणाच्या वेळी टीव्ही बंद ठेवायचा असेल तर

मुलांच्या टीव्हीवर बंधन घालण्यापूर्वी आठवडाभर एका कागदावर घरात टीव्ही कोण, केव्हा आणि कशासाठी लावतो याची नोंद ठेवावी. आमच्या घरी अशी नोंद केली तेव्हा सर्वाधिक वेळा रिमोट माझ्याच हातात होता, आणि त्यातला बराचसा वेळ कोणी पाहत नसतानाही टीव्ही नुसता चालू होता. अशा चालू टीव्हीमुळे आईवडील लहान मुलांशी कमी बोलतात आणि मुलांच्या खेळातही व्यत्यय येतो, म्हणून कोणी पाहत नसेल तेव्हा टीव्ही बंद करणे ही पहिली पायरी होय.

वयाचा विचार त्यानंतर करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांसाठी ही मर्यादा दिवसाला एक तास आहे. तीही जितकी कमी तितकी बरी.

खरी अडचण संध्याकाळी सात ते दहा या वेळेत येते, कारण तीच मालिकांची वेळ, तीच जेवणाची आणि तीच गृहपाठाची. पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत आजीची मालिका आणि नातवाचा अभ्यास एकाच भिंतीआड चालतो. अशा वेळी आजींना ‘बंद करा’ असे सांगणे अन्यायाचे आहे, कारण दिवसभर घर सांभाळल्यावर तेवढाच त्यांचा विरंगुळा असतो. त्याऐवजी बहुतेक मालिकांचे भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवले जातात किंवा वाहिनीच्या ॲपवर मिळतात, हे त्यांना एकदा शेजारी बसून दाखवावे आणि मुले शाळेत असतानाची वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी. आमच्या आजींना हे पटायला पंधरा दिवस लागले. आता ‘दुपारी कोणी मध्ये बोलत नाही’ असे त्याच सांगतात.

जेवताना टीव्ही बंद ठेवण्याचा नियम मोठ्यांनाही लागू असावा, त्यात क्रिकेटच्या सामन्याचा अपवाद करू नये. पडद्याकडे डोळे लावून जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे लवकर कळत नाही. पहिले काही दिवस ताटासमोर शांतता जाणवेल आणि ‘शाळेत काय झाले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळेल. तेव्हा आपल्याच दिवसातली एखादी फजिती सांगून सुरुवात करावी.

मोबाइल आणि स्मार्ट टीव्हीवरील ऑटोप्ले बंद करावे, म्हणजे एक भाग संपल्यावर दुसरा आपोआप सुरू होत नाही. सात-आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीचा हेतू ओळखता येत नाही, म्हणून शक्य तेव्हा सोबत बसून ‘हे आपल्याला काय विकत आहेत?’ असे विचारावे.

मोकळ्या झालेल्या वेळेची सोय आधीच करून ठेवावी, नाहीतर मूल रिमोटच शोधते. सारसबागेत फेरी, रविवारी सकाळी पर्वतीच्या पायऱ्या, पावसात घरीच पत्ते किंवा कॅरम, एवढे पुरते.