शेतावरच्या उन्हाळी जेवणात या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतील बऱ्याच कुटुंबांना हल्ली मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडच्या एखाद्या शेतावर तीस-चाळीस जणांना संध्याकाळच्या जेवणाला बोलवावेसे वाटते आणि ही इच्छा मला मनापासून आवडते. मुरबाड तालुक्यात माझ्या आत्याचे शेत आहे. गेली बारा वर्षे एप्रिल-मे महिन्यांत तिथे मी अशी जेवणे घालत आलो आहे आणि ओळखीच्या मंडळींच्या मदतीलाही गेलो आहे. दर वर्षी त्याच त्या चुका पाहून आता जीव थकला आहे, कारण त्या टाळणे अजिबात अवघड नाही.

सर्वांत मोठी चूक जेवणाच्या पंधरा दिवस आधी घरात बसूनच होते. शेतावर काय आहे हे न विचारता पदार्थांची यादी ठरते आणि त्या यादीत पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजून करायचा पदार्थ, हमखास असते. पोपटीला वालाच्या ओल्या शेंगा आणि भांबुर्डा या रानवनस्पतीचा ओला पाला लागतो. भातकापणीनंतर जमिनीत राहिलेल्या ओलाव्यावर वाल येतो, त्याच्या शेंगा थंडीत भरतात आणि फेब्रुवारी सरता सरता जून होऊन वाळू लागतात. मे महिन्यात मडके मिळेल, गोवऱ्या मिळतील, पण पोपटी मिळणार नाही. दुसरी मागणी रानभाज्यांची असते. टाकळा, कुर्डू या भाज्या पाऊस पडल्याशिवाय उगवतच नाहीत आणि शेवळे पहिल्या सरींच्या सुमारास जमिनीतून वर येते. ‘कुठून तरी मागवा ना’ असे सांगणारा माणूस मग वाशीच्या बाजारातून पालकाच्या जुड्या घेऊन मुरबाडला येतो. स्थानिक जेवण म्हणून पाहुण्यांपुढे ते वाढणे मला पटत नाही.

मे महिन्यात या भागात खाण्याची वानवा नसते. कैरी, करवंदे, ताडगोळे, फणसाचे गरे आणि त्यांतून निघालेल्या आठळ्या, माळा करून टांगलेला अलिबागचा पांढरा कांदा, सुका जवळा, सुके बोंबील हे सगळे याच दिवसांचे आहे. कैरी घातलेला जवळा आणि तव्यावरून उतरलेली तांदळाची भाकरी एवढ्यावरही माणसे तृप्त होऊन उठतात. ओल्या शेंगा नसल्या तरी सुक्या वालाचे बिरडे होते, मात्र त्याला दोन दिवस द्यावे लागतात. वाल रात्रभर भिजवून फडक्यात बांधले की या उकाड्यात एका दिवसात मोड येतात. मग ते कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा असतो. साल सुळकन सुटून आतली पिवळसर डाळिंबी बोटांत येते तेव्हा वाल नीट भिजले असे समजावे आणि साल चिकटून राहिली तर पाणी थोडे अधिक कोमट करावे. चाळीस जणांचे वाल सोलायला चार बायकांची पूर्ण सकाळ जाते. हे काम जेवणाच्या दिवशी दुपारी सुरू करणाऱ्यांनी बिरड्याचा बेत करू नये.

आंब्यांच्या बाबतीतही हीच घाई दिसते. 2018 साली हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडबरोबर ठाणे व पालघर हे जिल्हेही आहेत, तरीही लोक येताना ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरून पेटी उचलतात आणि फळ कापल्यावर ते आतून पांढरे निघाले म्हणून हळहळतात. कॅल्शियम कार्बाईडने फळे पिकवण्यावर बंदी आहे आणि फळाच्या वरच्या पिवळ्या रंगाला भुलू नये. मी आठ-दहा दिवस आधी शेतावरच पेंढ्यात अढी घालतो, रोज ती उलगडून पाहतो आणि रसासाठी रायवळ आंबे वेगळे ठेवतो.

आता सोलकढीविषयी सविस्तर लिहितो, कारण एका संध्याकाळी तिने सगळ्या जेवणाचा विरस केलेला मी पाहिला आहे. ठाण्यातील एका परिचित कुटुंबाने पंचेचाळीस माणसांचे जेवण ठरवले होते. शेतावर धावपळ नको म्हणून त्यांनी सकाळी नऊ वाजता घरीच नारळाचे दूध काढले, त्यात आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लसूण आणि मिरची घालून बारा लिटर सोलकढी स्टीलच्या दोन डब्यांत भरली आणि ते डबे गाडीच्या डिकीत ठेवले. कल्याणपर्यंतच्या कोंडीत दोन तास गेले आणि शेतावर पोहोचल्यावर डबे मांडवाच्या कडेला, पत्र्याच्या सावलीत राहिले. साडेसात वाजता मी झाकण उघडले तेव्हा वर पांढरट साय धरली होती, खाली गुलाबी पाणी वेगळे झाले होते आणि लसणाच्या वासाआडून आंबूस वास येत होता. थोडे मीठ आणि कोथिंबीर घालून ढवळून वाढावी, असे कोणीतरी सुचवले. मी ठाम नकार दिला आणि ती सगळी खड्ड्यात ओतायला लावली, कारण पंगतीत लहान मुले आणि सत्तरी ओलांडलेली माणसे होती. यजमान वहिनींचे डोळे भरून आले. तेव्हा आत्याने घरातली आगळाची बाटली काढली, माठातल्या पाण्यात आगळ घालून त्यात जिरे, हिरवी मिरची आणि गूळ टाकला आणि पंधरा मिनिटांत सर्वांना पुरेल एवढे कोकमाचे सार तयार केले.

तेव्हापासून मी एक पद्धत कधीही मोडत नाही. आगळ मीठ घातलेले असल्याने उन्हातही टिकते, ते बाटलीतून न्यावे. नारळ अखंड न्यावेत आणि सात वाजता शेतावरच खवून, वाटून, पंच्यातून पिळून घ्यावेत. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक बाहेर राहू नये आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षाही अधिक राहू नये, हा अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. मुरबाडची मे महिन्यातली दुपार त्या आकड्याच्या किती तरी वर असते. घरून शिजवून न्यायचे आणि तिथे फक्त गरम करायचे, ही सोय मला म्हणूनच मुळीच मान्य नाही. जे न्यायचे ते कच्चे न्यावे.

दुसरी चूक जागेच्या निवडीत होते आणि तिचे मोल शेतकऱ्याला मोजावे लागते. या दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजलेले असतात. वाळके शेण, पातेरा आणि फांद्या थराने रचून, वर माती पसरून तो तुकडा भाजतात, म्हणजे तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते. शहरातून आलेल्या माणसाला मात्र हा काळा, सपाट, मोकळा चौकोन सतरंज्या अंथरण्यासाठीच केलेला आहे असे वाटते. आमच्या शेजारच्या शेतावर मंडपवाल्यांनी असाच एक राब झाडून काढला, राख बांधापलीकडे लोटली आणि त्यावर खुर्च्या मांडल्या. शेताचे मालक संध्याकाळी परतले तेव्हा पाहुणे आल्यामुळे एक शब्दही बोलले नाहीत, परंतु पाऊस तोंडावर आला असताना त्यांना पुन्हा पातेरा गोळा करावा लागला. जागा आदल्या शनिवारी जाऊन, शेतावरच्या माणसाला सोबत घेऊन ठरवावी आणि गाड्या कुठे लावायच्या हेही त्याच वेळी दोरी बांधून दाखवावे. आंब्याखाली बसायचे असेल तर आधी वर पाहावे, कारण पाने जोडून केलेली लाल मुंग्यांची घरटी तिथे असतात.

वेळेबाबत थोडक्यात सांगतो. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणून पाहुण्यांना साडेपाचला बोलवावे आणि सव्वासातला पाने मांडावीत. ‘आठपर्यंत या’ असे सांगितले की घोडबंदर रोडवरची माणसे साडेनऊला पोहोचतात. तिथी मी शुद्ध दशमी ते पौर्णिमा यांमधली धरतो, कारण दिवस मावळताना चंद्र वर आलेला असतो आणि दिवे कमी लागतात. 20 मे नंतर वळवाचा भरवसा नसतो, तेव्हा डोक्यावर छप्पर असल्याशिवाय मी बेत करत नाही.

हॅलोजन लावल्यास ताटात किडे पडतात. पिवळे, मंद दिवे लावावेत आणि एक प्रखर दिवा पंगतीपासून दूर ठेवावा.

अंधारात पायवाटेने चालताना बंद बूट आणि बॅटरी हवीच. घोणस आणि मण्यार या भागात आहेत, त्यामुळे जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे यजमानाला माहीत असले पाहिजे.

पाण्याचा विचार न करणे ही चूक मला सर्वांत जास्त बोचते. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, त्यांचे पाणी महानगराला जाते आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते. अशा ठिकाणी पन्नास ताटे विहिरीच्या पाण्याने धुऊ नयेत. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी मी वीस लिटरच्या जारमधून नेतो आणि जेवण काड्यांनी टाचलेल्या पळसाच्या पत्रावळींवर वाढतो. पत्रावळी फार कोरड्या असतील तर अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवाव्यात, म्हणजे तडकत नाहीत.

भाकरी थापणाऱ्या बायकांची मजुरी आणि सरपणाचे पैसे आधीच ठरवून हातात द्यावेत. पाहुणचार म्हणून त्या राबतील असे गृहीत धरणे मला अन्यायाचे वाटते. त्यांची पानेही आपल्याच पंगतीत मांडावीत.

चुलाण वाळक्या गवतापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून मांडावे आणि सभोवतालची जमीन आधी भिजवून घ्यावी. पाणी भरलेल्या दोन बादल्या शेवटपर्यंत तिथून हलवू नयेत. या बादल्यांतले पाणी रात्री निघताना निखाऱ्यांवर ओतावे, काठीने राख उलथून पुन्हा ओतावे आणि राखेवर तळहात धरून ऊब लागत नाही अशी खात्री झाल्यावरच गाडीत बसावे.