लेहला मातीची घरं शिकायला येताय? आधी हे वाचा

आपल्या विट्याचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) अख्ख्या देशात पोचलेत, तर माण-आटपाडी-जतची पोरं लडाखला घरं बांधायला शिकायला आली तर त्यात नवल काय. फोन येतच असतात म्हणून एकदाच लिहितो.

विमानानं येणार असाल तर पहिले दोन दिवस काहीही करू नका, नुसतं झोपा आणि पाणी प्या. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, इथं तालमीतली पोरं पण जिना चढताना थांबतात. बाहेरचं प्रीपेड सिम इथं चालत नाही, गावाकडनंच पोस्टपेड करून या. आणि एक छोटा कुकर आणा, पाणी साधारण ८८ डिग्रीलाच उकळतं त्यामुळं तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजतच नाही.

आता कामाचं. सगळे आल्या आल्या सोलर पॅनल किती वॅटचं ते विचारतात. अरे पॅनल सगळ्यात शेवटी, आधी घराचं तोंड दक्षिणेला आहे का बघा. थंडीत इथं दुपारचा सूर्य खाली असतो, ऊन काचेतनं थेट मागच्या भिंतीपर्यंत जातं आणि उन्हाळ्यात तोच डोक्यावर येतो मग आत ऊन शिरत नाही. त्याच्यापुढं ट्रॉम्ब वॉल, म्हणजे दक्षिणेची जाड भिंत काळी रंगवायची, पुढं काच, मधे थोडी जागा, भिंतीला वर आणि खाली झरोके. दिवसा गरम हवा वरनं आत येते. रात्री झरोके बंद करायचे, नाहीतर उलटं चक्र सुरू होतं आणि खोली गार पडते. हे रोज संध्याकाळी कुणीतरी आठवणीनं करायला लागतं हं, घर स्वतःहून काही करत नाही. फे गावात सेकमॉलचा कॅम्पस आहे, लडाखी विद्यार्थ्यांसाठी १९८८ साली सुरू झालेली संस्था, तिथं हे सगळं चालू अवस्थेत बघायला मिळतं, नक्की जा.

छप्पर मात्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. पॉपलरची तुळई, त्यावर विलोच्या काड्या, गवत, माती आणि सगळ्यात वर मार्कालक नावाची चिकणमाती. आपल्या माळवदाला सर, किलचण आणि वर पांढरी माती तसंच की! आज्जा-आजी कुणाचे असतील तर यायच्या आधी त्यांना माळवद कसं लिपायचं ते विचारून या, इथले मिस्त्री खूश होतात. पाऊस वर्षाला जेमतेम १०० मिमी म्हणून हे चालतं, पण २०१० च्या ऑगस्टमधल्या ढगफुटीत मातीची किती घरं गेली, त्यामुळं जोतं दगडाचं आणि उंच हवं यावर मी तरी अडूनच बसतो.

संडास कोरडा असतो, छगरा म्हणतात, वरनं माती टाकायची, नंतर खत शेतात. चार दिवसात सवय होते.

काम मे ते सप्टेंबर, पुढं माती गोठते. म्हणजे तिकीट मेचंच काढा, आणि जुलैत येऊन "दोन महिन्यात सगळं शिकवा" म्हणू नका.