शोधफॉर्म आणि पानवार निकाल : या चुका टाळा

दुसऱ्यांचा कोड तपासताना मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे निकालांचा क्रम अर्धवट ठरवून त्यांची पाने पाडणे. ती मीही केली आहे. अर्जांच्या एका यादीत मी पानाला 20 नोंदी, नोंदणीच्या वेळेनुसार उतरत्या क्रमाने दाखवत होतो. एका वापरकर्त्याने कळवले की एक अर्ज पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही पानांवर दिसतो, तर दुसरा एक अर्ज कोणत्याच पानावर नाही, पण नावाने शोधला की लगेच सापडतो. दोन दिवस मी कॅशवर, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतींवर, संशय घेत बसलो. अखेर टेबल उघडून पाहिले, तेव्हा सगळे अर्ज एकाच फाइलमधून आयात झाल्याने शेकडो ओळींची वेळ तंतोतंत सारखी असल्याचे कळले. अशा ओळी दर वेळी त्याच क्रमाने द्याव्यात असे बंधन डेटाबेसवर नसते, आणि प्रत्येक पान ही स्वतंत्र क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, असते. लिमिट (क्वेरीत किती ओळी हव्यात ते सांगणारा भाग) वापरताना ऑर्डर बायने (क्रम सांगणाऱ्या भागाने) ओळींचा क्रम एकमेव ठरवावा, हे पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे. नवशिके मात्र ते न वाचता कोडचा तयार तुकडा चिकटवतात. ऑर्डर बायच्या शेवटी आयडी, म्हणजे प्रत्येक ओळीचा वेगळा क्रमांक, लिहिल्याशिवाय मी आता लिमिट लिहीत नाही.

दुसरी चूक शोधफॉर्म पोस्टने, म्हणजे निकष यूआरएलमध्ये न येणाऱ्या पद्धतीने, पाठवण्याची. पान 2 च्या दुव्यावर क्लिक करताच सगळे फिल्टर गळून पडतात, आणि मग घाईत ते सेशनमध्ये, म्हणजे त्या वापरकर्त्याच्या सर्व टॅबना सामाईक असलेल्या साठ्यात, कोंबले जातात. हा उपाय मला अजिबात मान्य नाही, कारण एका टॅबमध्ये प्रलंबित आणि दुसऱ्यात मंजूर अर्ज उघडले की पहिल्या टॅबचे पुढचे पान मंजूर अर्ज दाखवू लागते. शोध गेटनेच, म्हणजे निकष यूआरएलमध्ये ठेवणाऱ्या पद्धतीनेच, पाठवावा. पानांचे दुवे मी चालू यूआरएलमधील सर्व निकष जसेच्या तसे ठेवून, फक्त पानाचा क्रमांक बदलून तयार करतो. फिल्टर बदलला की मात्र क्रमांक पुन्हा 1 करतो, अन्यथा सातव्या पानावर असलेल्या माणसाला तीन निकाल असूनही रिकामी यादी दिसते.

पानाचा क्रमांक शून्य, ऋण किंवा अक्षरी येऊ शकतो, म्हणून तो तपासून घ्यावा. पानावरील नोंदींच्या संख्येला सर्व्हरवर कमाल मर्यादा घालावी. क्रमवारीच्या स्तंभाचे नाव पॅरामीटर म्हणून (क्वेरीपासून वेगळे पाठवलेले मूल्य म्हणून) बांधता येत नाही, त्यामुळे ते ठरलेल्या यादीशी जुळवूनच क्वेरीत घालावे. लाइकने (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या शोधाने) शोधताना वापरकर्त्याने टाइप केलेले टक्केचिन्ह आणि अधोरेखा एस्केप करावीत, म्हणजे त्यांचा विशेष अर्थ न लागता ती साधी अक्षरे मानली जातील.

मोठ्या टेबलावर ऑफसेटही (सुरुवातीच्या किती ओळी वगळायच्या ते सांगणारा भाग) जड पडतो : 20 नोंदींच्या हिशेबाने पान 5000 मागितले, तर डेटाबेस आधीच्या 99,980 ओळी ओलांडून मगच 20 ओळी देतो. तिथे मी मागील पानाच्या शेवटच्या ओळीची वेळ आणि आयडी पुढे पाठवून, उतरत्या क्रमात त्यानंतर येणाऱ्या 20 ओळी मागतो. थेट पान 5000 वर उडी मारण्याची सोय त्यात जाते, आणि ती गमावणे मला मान्य आहे.