अंडरड्राइव्ह पुली बसवावी का? आधी बेल्टचा हिशेब कसा मांडावा

गाडीचा पिकअप वाढवायचे कमी खर्चाचे उपाय शोधायला लागलं की अंडरड्राइव्ह पुलीचं नाव निघतंच. इंजिन उघडायला नको, ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, हात लावायला नको. एक पुली काढायची, दुसरी बसवायची. यामागची कल्पना खोटी नाही. पण तुमच्या गाडीत त्यातून किती हाती लागेल आणि बदल्यात काय सोडावं लागेल, हे पैसे देण्याआधी पाहायला हवं. त्यासाठी लागतो एक टॉर्च, एक मल्टिमीटर आणि सुट्टीची एक सकाळ.

क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरून जाणारा बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, कधी वॉटर पंप, कधी पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. अंडरड्राइव्ह पुली म्हणजे तिच्या जागी बसवायची लहान पुली. ही पुली लहान केली की इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर असताना बाकीची यंत्रं हळू फिरतात. बहुतेक संचांत वेग १५ ते २५ टक्क्यांनी घटतो. यंत्रं हळू फिरली की ती इंजिनाकडून कमी ताकद घेतात, आणि वाचलेली ताकद चाकांकडे जाते.

ही युक्ती गाजली अमेरिकेत, ५.० लिटरच्या मस्टँगवर. १९८७ सालच्या त्या व्ही-८ इंजिनाची ताकद २२५ अश्वशक्ती होती. अल्टरनेटर, हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप, एसी, वॉटर पंप आणि धूर स्वच्छ करण्यासाठी हवा ढकलणारा वेगळा पंप, हे सगळं इंजिनाच्या पुढच्या बेल्टवर. वॉटर पंपाच्या तोंडावर रेडिएटरचा मोठा पंखाही होता. एवढं ओझं असताना पुली लहान केल्यावर फरक जाणवणारच. आपल्या गाडीच्या बेल्टवर आज तेवढं ओझं उरलंय का, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पायरी १: बेल्टवर काय काय आहे ते लिहून काढा

इंजिन बंद आणि थंड असताना बोनेट उघडा, टॉर्च घ्या आणि बेल्टची वाट शेवटपर्यंत डोळ्यांनी फिरून या. जे दिसेल ते कागदावर लिहा.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंग इलेक्ट्रिक असतं, म्हणजे तो पंपच नाही. रेडिएटरचा पंखाही विजेवर चालतो. काही इंजिनांत वॉटर पंपसुद्धा या बेल्टवर नसतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ईए२११ मालिकेत तो कॅमशाफ्टवरून वेगळ्या दातेरी पट्ट्याने फिरतो. अशा गाडीत यादी अल्टरनेटर आणि एसी एवढ्यावरच संपते.

एक बाब अगदी पहिल्यांदा तपासा. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी असलेलं यंत्र वीज तयार करतं आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन त्याच बेल्टने पुन्हा सुरूही करतं. तिथे क्रँक पुली लहान केली तर इंजिन फिरवायला मिळणारा जोर कमी होतो. तुमची गाडी या जातीची असेल तर विषय इथेच सोडून द्या.

पायरी २: प्रत्येक यंत्रापुढे आकडा मांडा

एसीपासून सुरुवात करू. एसी बंद असताना कॉम्प्रेसरचा क्लच सुटलेला असतो आणि पुली नुसतीच फिरते, तेव्हा वाचवायला काही नाही. अॅक्सिलरेटरचं पॅडल पूर्ण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांचा ईसीयू कॉम्प्रेसर स्वतःच तोडतो. म्हणजे जास्तीत जास्त ताकद हवी असते त्या क्षणी इथून काहीच मिळत नाही.

अल्टरनेटरच्या बाबतीत बहुतेकांचा गैरसमज होतो. गाडीला ४० अँपिअर वीज हवी असेल तर १४ व्होल्टला ती ५६० वॉट झाली. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर तो इंजिनाकडून सुमारे १ किलोवॉट, म्हणजे सव्वा ते दीड अश्वशक्ती घेतो. आता तो हळू फिरवला, तरी गाडीची विजेची गरज तेवढीच राहते! दिवे, फ्युएल पंप, इग्निशन यांना लागणारी वीज पुली बदलून घटत नाही. म्हणून इथली बचत नगण्य.

खरी बचत वॉटर पंपात आहे. असा पंप फिरवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी घटला की ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जेमतेम निम्मी ताकद लागते. पण त्याच हिशेबाने कूलंटचा प्रवाहही २० टक्क्यांनी कमी होतो. मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं बसवून खंडाळ्याचा घाट चढताना तुम्हाला तोच प्रवाह हवा असतो.

बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचा हा हिशेब एक-दोन अश्वशक्तीच्या पुढे जात नाही, असं माझं मत आहे. ९० अश्वशक्तीच्या गाडीत ते ड्रायव्हरच्या पायाला कळणार नाही.

‘हलक्या पुलीने इंजिन झपकन फिरतं’ असंही ऐकायला मिळतं. २ किलोची, ७ सेंटिमीटर त्रिज्येची पुली आणि ७ किलोचं, १३ सेंटिमीटर त्रिज्येचं फ्लायव्हील यांची तुलना करा. दोन्ही भरीव चकत्या धरल्या तर फिरण्यातलं पुलीचं जडत्व फ्लायव्हीलच्या बाराव्या भागाइतकं भरतं. त्यातला अर्धा भाग वाचवून इंजिनाच्या स्वभावात फार फरक पडत नाही.

पायरी ३: व्होल्टेज मोजा

इंजिन गरम करून आयडलवर ठेवा. हेडलाइट, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा डीफॉगर, वायपर सगळं सुरू करा आणि बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. १३.५ व्होल्टच्या वर आकडा टिकत असेल तर थोडी सवड आहे. आत्ताच १३ च्या आसपास येत असेल तर पुली लहान करण्याचा विचार सोडा.

कारण असं: क्रँक पुली १४० मिलिमीटर आणि अल्टरनेटरची ५६ मिलिमीटर असेल तर ८०० फेऱ्यांच्या आयडलला अल्टरनेटर २००० फेऱ्या फिरतो. क्रँक पुली ११२ ची केली की १६००. अल्टरनेटरची क्षमता या खालच्या टप्प्यात झपाट्याने घसरते. पावसाळ्यातल्या संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात, तर तूट बॅटरी भरून काढत राहते आणि सकाळी स्टार्टर कुरकुरतो.

पायरी ४: तुमची पुली नुसती पुली आहे की डॅम्पर?

ही पायरी कृपा करून गाळू नका. क्रँक पुलीचा मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये काळ्या रबराची गोल रेघ दिसते का ते पाहा. दिसली, तर ती पुली डॅम्परचंही काम करते. सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाने क्रँकशाफ्ट किंचित पिळवटतो आणि उलटा सुटतो. ही कंपनं ती रबरात मुरवते. तिच्या जागी भरीव अॅल्युमिनियमची पुली बसवली तर कंपनं क्रँकमध्येच राहतात. बेअरिंग, क्रँकवर बसलेल्या ऑइल पंपाचे गिअर आणि शेवटी खुद्द क्रँक यांना ती खातात. सहा सिलिंडरच्या लांब क्रँकला आणि डिझेलला धोका अधिक. काही चार सिलिंडर इंजिनांत कंपनीचीच पुली भरीव असते, तिथे ही अडचण येत नाही.

रबर असेल तर डॅम्परसकट बनवलेलीच अंडरड्राइव्ह पुली शोधा. एसएफआय १८.१ हे रेसिंगमधलं प्रमाणपत्र असेल तर उत्तम.

पायरी ५: डायनोवर पुली न घेताच मिळणारा पुरावा

गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, न्यायची सोय असेल तर आहे त्या पुलीवर तीन धावा घ्या. त्या तीन आकड्यांतच एक-दोन अश्वशक्तीचा फरक दिसेल. तुमच्या हिशेबातली बचत त्या फरकात बुडत असेल, तर पुलीचा फायदा यंत्रालाही ओळखता येणार नाही.

पायरी ६: तरीही बसवायची ठरलीच तर

फक्त ट्रॅकवर किंवा ड्रॅग शर्यतीत पळणाऱ्या, सतत वरच्या फेऱ्यांवर राहणाऱ्या गाडीत मी ती बसवेन. आयडलला अडकण्याचा प्रश्न तिथे नसतो.

बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा, बेल्टच्या वाटेचा फोटो घ्या. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी बघा: क्रँक बोल्टचा टॉर्क, आणि तो बोल्ट नवा लागतो का. फोर्डच्या काही इंजिनांत पुलीला चावी, म्हणजे तिला क्रँकवर अडकवणारी छोटी लोखंडी पट्टी, नसते; हाच बोल्ट टायमिंगची, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी, चकतीही दाबून धरतो. तो सैल केला की टायमिंग सरकतं, म्हणून लॉकिंग टूल आधी लावायचं. स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची गॅरेजमधली सवय इथे नको.

बेल्टही बदलावा लागेल. ६पीके१२०० म्हणजे सहा धारांचा, १२०० मिलिमीटर लांबीचा. पुलीचा व्यास २८ मिलिमीटरने घटला आणि बेल्टने तिला अर्धा वेढा घातलेला असेल, तर सुमारे ४४ मिलिमीटर लांबी जास्तीची होते. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या खुणा पाहून जवळची आखूड लांबी निवडा.

नंतरचे दोन आठवडे कूलंटचं तापमान आणि आयडलचं व्होल्टेज ओबीडी यंत्रावर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला जोडून इंजिनाचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, रोज पाहा. जुनी पुली आणि जुना बेल्ट मात्र कपड्यात गुंडाळून जपून ठेवा. आकडे बिघडले तर त्याच संध्याकाळी परत बसवता येतात.