वर्गात गेम उघडण्याआधी या चुका टाळा

‘मॅडम, मुलं काय रमली होती!’ वर्गात गेम वापरून आलेल्या शिक्षकांकडून मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता लगेच विचारते, कशात रमली होती? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. खेळताना मुलाचं डोकं नेमकं कशावर चाललंय, एवढं एकच आपल्याला बघायचं असतं. मूल ज्याचा विचार करतं तेच त्याच्याजवळ राहतं. खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका हे न बघितल्यामुळे होतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या चुकीत मी स्वतः एक अख्खी सहामाही घालवली आहे.

वेगाला समज समजणं

सातवीचा वर्ग, अपूर्णांकांची तुलना. मी ऑनलाइन प्रश्नमंजुषा तयार केली: चार पर्याय, चार रंग, प्रश्नाला वीस सेकंद आणि दर प्रश्नानंतर पडद्यावर पहिल्या पाचांची नावं. वर्ग दणाणून गेला. मुलांनी पुन्हा मागितली म्हणून आठवड्याने तीच प्रश्नमंजुषा पुन्हा घेतली, मग तिसऱ्यांदा. दर वेळी गुण वाढत गेले. मी समाधानाने पुढच्या धड्याकडे वळले.

मग कागदावर चाचणी घेतली. ५/६ आणि ७/९ यांतला मोठा कोणता? निम्म्याहून जास्त मुलांनी ७/९ लिहिलं, कारण त्यातले आकडे मोठे. प्रश्नमंजुषेत कायम पहिल्या तिघांत असणाऱ्या मुलाला मी जवळ बोलावलं आणि पडद्यावरचाच जुना प्रश्न विचारला, ३/४ मोठा की ५/८? तो लगेच म्हणाला, ‘मॅडम, निळा.’ त्याने उत्तराचा रंग लक्षात ठेवला होता. पर्यायांचा क्रम दर वेळी बदलण्याची सोय सेटिंगमध्ये होती, मी ती चालू केलेली नव्हती.

त्याच वर्गात एक मुलगी तिन्ही वेळा तळाला होती. तिसऱ्या खेपेला तर ती प्रश्न न वाचताच बटण दाबत होती. कागदावर तिची सगळी उत्तरं बरोबर आली आणि बाजूला छेद समान करून दाखवलेलं गणितही होतं. तिला वीस सेकंद पुरत नव्हते, एवढंच. विचार करणाऱ्या मुलीला मी तीन आठवडे सगळ्यांसमोर शेवटी उभं केलं होतं. ते मला आजही लागतं.

म्हणून गुणांचा हिशेब आधी समजून घ्या. २०१३ मध्ये आलेल्या कहूट या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या संकेतस्थळावर नेहमीच्या प्रश्नाला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात आणि उत्तराला जितका उशीर, तितके ते कमी होत जातात. शेवटच्या क्षणी दिलेल्या बरोबर उत्तराला जेमतेम ५०० उरतात. पाढे, स्पेलिंग, राजधान्या अशा पटकन आठवायच्या गोष्टींना हे ठीक आहे. जिथे दोन पायऱ्या चालून उत्तराकडे जायचं असतं, तिथे हा हिशेब मुलांना अंदाज मारायला शिकवतो. माझी सवय आता ठरलेली आहे. पर्यायांचा क्रम बदलता ठेवते, वेळ मला लागेल त्याच्या तिप्पट देते आणि दर प्रश्नानंतर थांबते. ज्यांनी चुकीचा पर्याय निवडला त्यांची बाजू आधी ऐकते. ‘५/८ का वाटला?’ या एका प्रश्नावर सहा मिनिटं गेली तरी जाऊ देते. वीस प्रश्न उरकण्याची घाई असलेल्यांना हे पटत नाही. मी दहा मिनिटांत चारच प्रश्न घेते.

आणि तीच प्रश्नमंजुषा पुन्हा घ्यायची असेल तर आकडे बदला. त्याला दुसरा इलाज नाही.

स्वतः न खेळता वर्गात नेणं

एका सहकाऱ्याला घनफळ शिकवायला माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम वापरायचा होता. कल्पना उत्तम होती. त्यातला प्रत्येक ठोकळा एक मीटर बाजूचा घन मानलेला आहे, त्यामुळे खोली बांधायची आणि ठोकळे मोजायचे, एवढ्यात धडा उभा राहतो. पण त्याने स्वतः तो गेम कधी खेळला नव्हता. चाळीस मिनिटांच्या तासात अख्खा वर्ग एकाच जगात सोडला, तोही जीव वाचवत खेळायच्या प्रकारात. या गेममधला पूर्ण दिवस वीस मिनिटांचा असतो, म्हणजे एका तासात दोनदा रात्र होते आणि रात्री राक्षस येतात. पहिल्या रात्री मुलं किंचाळत पळाली, दुसऱ्या रात्रीपर्यंत अर्ध्यांनी बाकीच्यांची घरं फोडलेली होती. घनफळ कुणाच्याच डोक्यात नव्हतं. तो बाहेर येऊन म्हणाला, ‘गेमने काही होत नाही.’ मला राग आला. ज्या धड्याची तयारी केली नाही तो कोणत्याही साधनाने फसलाच असता.

दोन संध्याकाळी खेळला असता तर त्याला कळलं असतं की नुसतं बांधत बसायचा सर्जनशील प्रकार निवडला की राक्षस छळत नाहीत आणि सूर्य एका जागी थांबवता येतो. शाळांसाठीच्या आवृत्तीत सीमेचे आणि मनाईचे ठोकळेही आहेत, त्यांनी प्रत्येक गटाला आपापला तुकडा आखून देता येतो. माझा नियम कडक आहे. आधी मी एकटी खेळते, मग दोन मुलांना मधल्या सुट्टीत खेळायला बसवते आणि त्यांच्या मागे गप्प उभी राहते. ती कुठे अडतात, कुठे भटकतात आणि काय फोडतात ते वहीत लिहून घेते. या दोन मुलांनी मला जेवढं शिकवलंय तेवढं कुठल्याही प्रशिक्षणाने शिकवलं नाही.

तास संपेपर्यंत खेळत राहणं

घंटा होण्याआधी बारा मिनिटं लॅपटॉपची झाकणं बंद, वह्या उघड्या. मुलं कुरकुरतात, कुरकुरू द्या. ‘तुम्ही कोणता निर्णय बदलला आणि का?’ हे लिहून होईपर्यंत कुणी उठत नाही. खेळताना हाताने केलेलं शब्दांत आलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्यातलं काही उरलेलं नसतं.

गेम सांगतो ते खरं मानणं

यावर कुणी बोलत नाही. १९८९ च्या सिमसिटी या शहर वसवायच्या गेममध्ये जमिनीचे वस्ती, व्यापार आणि उद्योग असे वेगवेगळेच पट्टे पाडावे लागतात. खाली दुकान आणि वर घर अशी इमारत त्यात आखता येत नाही. शहर असंच असतं का, हे मुलांना विचारा. नागरिकशास्त्राचा तास इथून सुरू होतो. गेम कुणीतरी बनवलेला असतो आणि बनवणाऱ्याने काहीतरी गृहीत धरलेलं असतं. ऑरेगॉन ट्रेल हा एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांतून अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लोकांच्या प्रवासावरचा गेम १९७१ मध्ये अमेरिकेतल्या डॉन रॉविच या शिकाऊ शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने आपल्या इतिहासाच्या वर्गासाठी बनवला. पुढे त्याने त्या प्रवाशांच्या जुन्या रोजनिशा वाचून त्यातल्या संकटांचं प्रमाण बदललं. मी मुलांना हे आवर्जून सांगते आणि विचारते, आपल्या गेममधले आकडे कुठून आले असतील?

त्याच गेमने आणखी एक गैरसमज मोडायला हवा होता, तो म्हणजे प्रत्येक मुलाला वेगळं यंत्र हवंच. १९७१ च्या त्या वर्गात मुलं टेलिटाइपवर खेळली, त्याला पडदासुद्धा नव्हता. सगळं कागदावर छापून येत होतं आणि पुढे काय करायचं ते मुलं गटात बसून ठरवत होती. एका यंत्रावर तिघं बसवा: एक चालवणारा, एक नोंद ठेवणारा, एक ‘का?’ विचारणारा. दहा मिनिटांनी जागा बदला.

बक्षिसांचा मारा

ज्या कामात मूल आपणहून रमतंय त्यावर बिल्ले आणि तारे लावू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला बालवाडीतला प्रयोग प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा. रंगीत पेनांनी चित्रं काढलीस तर प्रमाणपत्र देऊ, असं आधी सांगितलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात त्या पेनांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांच्या बाबतीत तसं झालं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

लॉगिनसाठी वेगळा दिवस ठेवा. त्या दिवशी दुसरं काहीही करू नका. नाव आणि पासवर्ड लिहिलेल्या चिठ्ठ्या तुमच्याकडे असू द्या, मुलांकडे नकोत.

एका यंत्रावर चाललं म्हणजे तीस यंत्रांवर चालेल असं नाही. सगळी एकदम चालू करून बघा. फेट या संकेतस्थळावरचे पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग आणि मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारं स्क्रॅच इंटरनेटशिवायही चालतात, ते आधीच उतरवून ठेवा. माझ्या प्रत्येक तासाला असा एक पर्याय तयार असतो.

जुन्या याद्यांवरून गेम उचलू नका. ब्राउझरमध्ये गेम चालवणारं फ्लॅश हे सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं आणि त्याच्यावर चालणारे कितीतरी शैक्षणिक गेम उघडेनासे झाले.

अनेक संकेतस्थळांवर खात्यासाठी १३ वर्षांची अट असते. मुलांना खोटी जन्मतारीख टाकायला सांगणारे शिक्षक मी पाहिले आहेत. शिक्षकाने मुलांना खोटं लिहायला सांगू नये. खात्याशिवाय चालणारा गेम शोधा, नाहीतर पालकांची लेखी संमती घ्या.

‘लाल दाबा, हिरवा दाबा’ म्हणू नका. काही मुलांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत आणि ती तसं सांगतही नाहीत. आकारावरून सांगा: त्रिकोण, चौकोन.

आणि लिंक आदल्या दिवशी उघडून बघाल तेव्हा ती वर्गातल्याच यंत्रावर, विद्यार्थ्याच्या खात्यातून उघडा. शिक्षकाच्या खात्याला दिसणारं पान वेगळं असतं, आणि मुलांना कुठे अडवलंय ते त्यावर दिसत नाही.