भाड्याच्या खोलीपासून सुरुवात : वस्त्यांचे वेगळेपण, विषमता आणि ध्रुवीकरण यांचे प्रारूप कसे बांधावे

सांगलीत किंवा मिरजेत भाड्याने खोली शोधणाऱ्या माणसाला डिपॉझिटविषयी बहुधा नंतर विचारले जाते. आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव, आणि मग घरात मांस-मासे शिजणार का हे. कोण कोणत्या गल्लीत राहणार हे या दोन-तीन प्रश्नांत ठरून जाते, आणि त्यातूनच पुढे मुलांची शाळा, शेजारपाजार, उधारीचे दुकान व कानावर पडणारी मते ठरत जातात. या साखळीचा अभ्यास संगणकीय प्रारूपाने, म्हणजे थोड्या सोप्या नियमांनी संगणकात उभ्या केलेल्या शहराच्या नकलेने, करता येतो, पण तो एकट्या समाजशास्त्राला किंवा एकट्या संगणकशास्त्राला पेलणारा नाही. आपल्या शहरात असा अभ्यास सुरू करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे.

आधी तीन शब्द वेगळे करा

विषमता, वस्त्यांचे वेगळेपण आणि ध्रुवीकरण हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात. प्रारूपात तसे चालत नाही, कारण तिन्हींची मोजमापे वेगळी आहेत आणि एक वाढत असताना दुसरे घटू शकते. एक काल्पनिक उदाहरण घ्या. सहा शेतकऱ्यांकडे अनुक्रमे १, २, ३, ४, ५ आणि ६ एकर जमीन आहे. कोराडो जिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेला विषमतेचा गुणांक येथे सुमारे ०.२८ येतो. आता पहिल्या तिघांकडे प्रत्येकी २ एकर आणि उरलेल्या तिघांकडे प्रत्येकी ५ एकर जमीन झाली असे समजा. गुणांक सुमारे ०.२१ पर्यंत उतरतो, म्हणजे विषमता कमी झाली. परंतु जेथे पायऱ्या होत्या तेथे आता दोन गट समोरासमोर उभे आहेत आणि मधले कोणी उरलेले नाही. होआन एस्तेबान आणि देबराज राय यांनी १९९४ मध्ये ध्रुवीकरणाचे स्वतंत्र मोजमाप मांडले, ते नेमक्या याच अडचणीमुळे. म्हणून आपल्याला यांपैकी काय मोजायचे आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर एका वाक्यात लिहावे आणि अभ्यास संपेपर्यंत ते वाक्य बदलू नये.

वस्त्यांचे वेगळेपण मोजण्यासाठी भिन्नता निर्देशांक वापरतात. ओटिस आणि बेव्हर्ली डंकन यांच्या १९५५ च्या लेखानंतर तो रूढ झाला. प्रत्येक प्रभागात एका गटाचा आणि दुसऱ्या गटाचा किती हिस्सा राहतो ते काढायचे, दोन हिश्श्यांतील फरकांची चिन्हे सोडून बेरीज करायची आणि तिचे निम्मे करायचे. समजा, चार प्रभागांत पहिल्या गटाची अनुक्रमे १००, ६०, ३० आणि १० माणसे आहेत, तर दुसऱ्या गटाची १००, २००, २४० आणि २६०. निर्देशांक ०.४२५ येतो, म्हणजे समान विभागणीसाठी पहिल्या गटातील ४२.५ टक्के लोकांना घर बदलावे लागेल. आता कोणालाही न हलवता पहिला प्रभाग चौथ्याला आणि दुसरा तिसऱ्याला जोडा. निर्देशांक ०.१० वर येतो. शहर तेच, माणसे तीच, फक्त सीमारेषा बदलल्या. महापालिकेच्या प्रभागांच्या सीमा अशा अभ्यासासाठी आखलेल्या नसतात, हे ध्यानात ठेवून दोन-तीन वेगवेगळ्या आकारांच्या विभागांवर निर्देशांक काढावा आणि सगळी उत्तरे शेजारी शेजारी छापावीत.

संगणकाआधी चिंचोके

पहिले प्रारूप हाताने चालवावे असा माझा आग्रह आहे. बुद्धिबळाचा ६४ घरांचा पट घ्या, त्यावर २२ चिंचोके आणि २२ शेंगदाणे मनास येईल तसे मांडा व २० घरे रिकामी ठेवा. नियम एकच : भोवतालच्या आठ घरांत जे शेजारी असतील त्यांपैकी किमान एक तृतीयांश आपल्या प्रकारचे नसतील, तर तो दाणा असमाधानी, त्याला समाधान मिळेल अशा जवळच्या रिकाम्या घरात हलवायचे. कडेच्या आणि कोपऱ्यातील घरांना शेजारी कमी असतात, तेही मोजताना पाहावे. काही फेऱ्यांनंतर हालचाल थांबते आणि पटावर चिंचोक्यांची व शेंगदाण्यांची वेगवेगळी बेटे दिसू लागतात. एकाही दाण्याने ‘मला फक्त माझ्यासारखेच शेजारी हवेत’ असे म्हटलेले नसते, तरीही हे घडते.

हा थॉमस शेलिंग यांचा विचार. त्यांचा सविस्तर लेख १९७१ चा आहे आणि अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना २००५ मध्ये रॉबर्ट ऑमन यांच्यासोबत मिळाले. याच प्रकारचे पटावरचे प्रारूप जेम्स सकोडा यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना ज्या छावण्यांत डांबले गेले, तेथे राहून सकोडांनी निरीक्षणे केली होती आणि त्यांच्या प्रारूपाचे मूळ त्या अनुभवात आहे. पट मागाहून आला, माणसे आधी पाहिली होती. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपला नियम आपल्या शहरातून घ्या

शेलिंगच्या प्रारूपात प्रत्येक जण स्वतः घर निवडतो आणि रिकामे घर सर्वांना सारखेच खुले असते. आपल्याकडे ते तसे नसते. गावठाणाची जुनी रचना जातवार वस्त्यांची होती; वस्त्यांना चिकटलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारला थेट डिसेंबर २०२० मध्ये घ्यावा लागला. त्यामुळे ‘लोकांना आपल्या लोकांत राहायला आवडते’ एवढ्यावर प्रारूप उभे केले, तर नकाराची जबाबदारी नकार सोसणाऱ्याच्या आवडीवर ढकलली जाते. माझ्या पहिल्या प्रारूपात नेमकी हीच चूक झाली होती. घरमालक आणि भाडेकरू यांना मी एकाच प्रकारचे पात्र मानले होते. पटावरचे चित्र शहराशी जुळले आणि मला ते पुरेसे वाटले. खोली शोधताना वारंवार नकार मिळालेल्या एका विद्यार्थ्याने ‘यात नाही म्हणणारा कुठे आहे?’ असे विचारले, तेव्हा मी ते सगळे मोडून पुन्हा बांधले.

म्हणून तीन नियम स्वतंत्रपणे लिहावेत : भाडेकरूची शेजाराविषयीची पसंती, घरमालकाचा नकार, आणि परवडणारे भाडे. प्रत्येक नियम आधी एकटा चालवावा, नंतर जोडीने, शेवटी तिन्ही मिळून. तिन्ही मार्गांनी जवळपास सारखेच विलग नकाशे तयार होऊ शकतात, आणि अभ्यासाचा खरा पेच येथेच आहे. नकाशा जुळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. कारण ओळखण्यासाठी प्रत्येक नियम जेथे वेगळे उत्तर देतो अशी दुसरी खूण शोधावी लागते. अशी एक खूण म्हणजे खोली मिळेपर्यंत दार किती ठिकाणी ठोठवावे लागले. दोन्ही गटांच्या पसंती सारख्या, संख्या जवळपास सारखी आणि प्रश्न केवळ पसंतीचा असेल, तर दोघांचीही शोधाशोध साधारण सारखी असायला हवी. नकार असेल, तर एका गटाचा शोध स्पष्टपणे लांबतो. भाड्याचा प्रश्न असेल, तर समान उत्पन्नाच्या माणसांत हा फरक उरत नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांची जी पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात घर मागणाऱ्याच्या नावावरून जात किंवा धर्म सूचित होताच उत्तर कसे बदलते हे तपासले होते. आपल्या प्रारूपासाठी भाडेकरूंच्या मुलाखतींत ‘किती घरे पाहिली, किती ठिकाणी नकार आला, काय कारण सांगितले’ हे तीन प्रश्न असलेच पाहिजेत.

या मुलाखती समाजशास्त्राच्या माणसाने घ्याव्यात, पण प्रारूप लिहिणाऱ्यानेही सोबत बसावे. विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीच्या एकाच विश्रामबाग भागात आहेत. कला, विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एका टेबलाशी बसण्यासाठी आपल्याकडे अंतराची सबब नाही.

आकडे आणि नदी

२०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमाती, साक्षरता व कामगार यांचे आकडे शहरातील वॉर्डांपर्यंत मिळतात, परंतु धर्माचे आकडे त्या पातळीवर प्रसिद्ध होत नाहीत आणि इतर जातींचे तर नाहीतच. हे आकडे आता जुने झाले आहेत. जातींच्या नोंदीसह होणाऱ्या पुढील जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, तेव्हा कामाची मांडणी अशी करावी की नवे आकडे त्याच चौकटीत भरता येतील. दरम्यान मतदारयादीतील आडनावांवरून गट ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण आपल्या भागात पाटील हे आडनाव मराठा, जैन, लिंगायत आणि मुस्लिम अशा सर्व घरांत सापडते आणि त्यावर बांधलेला निर्देशांक मुळातच चुकीचा ठरतो.

भूगोलाचा अभ्यासक हवाच, कारण सांगलीत जमिनीची उंचीही भाडे ठरवते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी सांगलीवाडी, गावभाग, मारुती चौक अशा सखल भागांतील राहणाऱ्यांचे हिशेब बदलले : ज्यांना शक्य झाले त्यांनी उंचावर घर पाहिले, उरलेले तेथेच राहिले. प्रारूपातील प्रत्येक घराला उंचीचा आकडा दिला आणि ठरावीक वर्षी पूर आणला, की उत्पन्नाची विषमता वस्तीच्या नकाशावर कशी उमटते ते दिसू लागते.

मतांच्या ध्रुवीकरणासाठी गिलोम देफुआँ आणि सहकाऱ्यांचे २००० सालचे प्रारूप सोपे आहे : दोघांच्या मतांतील अंतर ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तरच ते एकमेकांकडे सरकतात. ० ते १ या पट्टीवर मर्यादा ०.५ हून अधिक असेल, तर सगळे साधारण एका मतावर येतात. ती जसजशी घटते तसतसे गट वाढतात. त्यात एक भर घालावी : भेट कोणाशी होणार, हे वस्तीच्या नकाशावरून ठरू द्यावे. तसेच एक उलटा प्रयोगही करावा. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंगतीत जेवत. प्रारूपातील काही तरुणांना काही वर्षे अशा मिश्र निवासात ठेवून नंतर आपापल्या गल्लीत परत पाठवावे आणि त्यांच्या मतांचे व पुढच्या घरनिवडीचे काय होते ते नोंदवावे.

हे सर्व नेटलोगो या प्रारूपे बांधण्याच्या संगणकप्रणालीत किंवा पायथन या संगणकभाषेत लिहिता येते. प्रत्येक मांडणी वेगवेगळ्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारख्या, आरंभाने किमान शंभर वेळा चालवावी आणि सरासरीबरोबर उत्तरांचा पसाराही द्यावा. घरनिहाय नकाशा मात्र कोणत्याही परिस्थितीत प्रसिद्ध करू नये. २००९ च्या गणेशोत्सवातील मिरजेची दंगल पाहिलेल्यांना अशा नकाशाचा दुसरा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. मुलाखतींतील नावे आणि पत्ते पहिल्याच दिवशी वेगळे करून कुलपात ठेवावेत.

पहिली आवृत्ती पूर्ण झाल्यावर, शोधनिबंध लिहायला घेण्याआधी, मुलाखत दिलेल्या भाडेकरूंना आणि शक्य झाल्यास दोन-चार घरमालकांना बोलावून चिंचोक्यांचा पट त्यांच्यासमोर नव्या नियमांनी चालवावा. ‘येथे असे होत नाही’ असे जेथे कोणी म्हणेल, ते वाक्य तारखेसह जसेच्या तसे वहीत उतरवावे आणि दुसऱ्या आवृत्तीतील नियमाची सुरुवात त्या वाक्यापासून करावी.